ट्रेकवर डबाबंद अन्न: खिशातल्या चाकूने डबा फोडायचा कसा?

रानवाटा

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर हरिश्चंद्रगडावर दोन मुक्कामांचा बेत आहे, आठ जण. शिध्यात आमरसाचे ८५० ग्रॅमचे दोन डबे, छोले आणि मक्याच्या दाण्यांचे ४०० ग्रॅमचे चार, आणि कंडेन्स्ड मिल्कचा एक. छोल्यांच्या डब्यांना ओढायची रिंग आहे, बाकीच्यांची झाकणं सपाट.

घरचा चावीवाला टिन कटर बोजड आहे, तो न्यायचा नाही. जवळ दोन चाकू आहेत: ओपिनेल ८ नंबर (लाकडी मुठीचा घडीचा फ्रेंच चाकू, कार्बन स्टीलचा) आणि ५८ मिमीचा छोटा स्विस चाकू.

ओपिनेलने डबा फोडला तर पात्याचं काय होतं? डबा दगडावर घासून उघडतो म्हणतात, ते कितपत खरं? रिंग तुटली तर काय करायचं? आणि उघडलेला डबा तसाच चुलीवर ठेवून गरम केला तर चालतो का?

खटका

आधी वाईट बातमी. तुमच्या दोन्ही चाकूंत डबा उघडायचं पातं नाही. ५८ मिमीच्या क्लासिक मॉडेलमध्ये लहान पातं, कात्री, नखाची कानस, चिमटा आणि दातकोरणं, एवढंच असतं. दुकानात स्विस चाकू म्हणून हाच जास्त खपतो आणि लोक गृहीत धरतात की त्यात सगळं असणार. डबा उघडायचं पातं हवं असेल तर ९१ मिमीचा स्पार्टन किंवा क्लाइंबर बघा.

गंमत म्हणजे स्विस सैन्याने शिपायासाठी १८९० चं मॉडेल ठरवलं त्यात चारच अवजारं होती: पातं, भोकं पाडायची आरी, स्क्रूड्रायव्हर आणि डबा उघडायचं पातं. स्क्रूड्रायव्हर रायफल खोलायला, डब्याचं पातं शिधा उघडायला. म्हणजे हे पातं नंतर चिकटवलेली चैन नाही, त्या चाकूच्या जन्माचं एक कारणच आहे.

आता ते चालतं कसं. डब्याच्या झाकणाचा पत्रा ०.२ मिमीच्या आसपास असतो, फार तर थोडा जाड. तो कापणं अवघड नाही. अवघड असतं ते त्याच्यावर जोर एका जागी धरून ठेवणं. साधं पातं घसरतं, कारण त्याला टेकू नसतो. डब्याच्या पात्याला मागे खाच असते, ती डब्याच्या उभ्या कडेला अडकते आणि कड तरफेचा टेकू होते. पत्रा मनगटाच्या ताकदीने कापला जात नाही, तरफेने दाबून फाटतो. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

हल्लीच्या व्हिक्टोरिनॉक्सच्या (स्विस चाकू बनवणारी कंपनी) पात्याने करायची पद्धत अशी. डबा सपाट जागी ठेवा, मांडीवर नाही. पातं पूर्ण उघडा, खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत. खाच कडेच्या बाहेरून खाली अडकवा आणि चोच आतल्या बाजूला, कडेला अगदी चिकटून, झाकणावर टेकवा. झाकणाच्या मध्यावर वळ्या असतात, त्यांच्यावर जाऊ नका. कड आणि पहिली वळी यांच्यामधल्या खोलगट पट्टीतच राहायचं. आता मूठ वर उचला. चोच खाली जाते, टप् असा आवाज होतो, भोक पडलं. मूठ खाली आणा, चाकू पुढे चार-पाच मिमी सरकवा, पुन्हा उचला. मूठ उचलणं आणि सरकवणं या दोन वेगळ्या हालचाली आहेत, एकत्र करू नका.

पत्रेवाला

खटका यांच्याशी सहमत, फक्त दोन-तीन गोष्टी जोडतो, कारण लोक नेमके तिथे अडकतात.

एक, दिशा. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं पुढे ढकलत न्यायचं असतं. वेंगर या दुसऱ्या स्विस कंपनीच्या जुन्या चाकूंतलं नखासारखं पातं मागे ओढत कापतं. ज्याने पूर्वी एक वापरलंय तो दुसरं हातात आलं की उलट दिशेने झटत बसतो आणि चाकूला शिव्या घालतो.

दोन, टप्पा. ४०० ग्रॅमच्या डब्याचा व्यास साधारण ७३ मिमी, म्हणजे कड सुमारे २३ सेंमी. पाच-पाच मिमीने गेलात तर ४५ ते ५० वेळा मूठ उचलावी लागेल. आमरसाचा ८५० ग्रॅमचा डबा दहा सेंमी व्यासाचा, कड ३१ सेंमीच्या पुढे, म्हणजे साठ-पासष्ट. सवय नसेल तरी तीन-चार मिनिटांचं काम. घाई करून एकेका टप्प्यात सेंटिमीटरभर सरकलात की दोन भोकांच्या मध्ये पत्र्याची जीभ राहते, आणि ती जीभ नंतर बोट फाडते.

तीन, सुरुवात कुठून करायची. डब्याच्या अंगावर एक उभा जोड असतो, तो कडेला भिडतो तिथे पत्रा जाड होतो आणि पातं अडतं. बोट फिरवलं की उंचवटा लागतो. त्या जोडापासून बोटभर पुढे सुरुवात करा आणि फिरून त्याच्या अलीकडे थांबा. जोड कापायचाच नाही. तो दीड-दोन सेंटिमीटरचा भाग झाकणाची बिजागरी होतो, झाकण रसात पडत नाही आणि ते काढायला आत बोट घालावं लागत नाही. झाकण वर करायला चमच्याचा दांडा वापरायचा.

पहिलं भोक पडल्यावर एक क्षण थांबा. चांगल्या डब्यात थोडी निर्वात जागा असते, हवा आत ओढली गेल्याचा बारीक आवाज येतो किंवा काहीच येत नाही. आतून फसफसून पातळ पदार्थ बाहेर उडाला तर तो डबा तिथेच संपला. चव बघायची नाही.

तिरकस

सगळे स्विस चाकूबद्दल बोलताहेत, पण रानवाटा यांच्याकडे तो नाहीच. त्यांना नवा चाकू घ्यायला लावू नका. पी-३८ नावाचा घडीचा छोटा कटर मिळतो, अमेरिकन सैन्यासाठी १९४२ साली केलेला. लांबी ३८ मिमी, वजन नगण्य, किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो. याचा थोरला भाऊ पी-५१, तो ५१ मिमीचा. लांबी जास्त म्हणून तरफ जास्त आणि बोटं कमी दुखतात. आठ जणांच्या शिध्याला मी पी-५१ घेईन.

वापरायची तऱ्हा तीच: खाच कडेला, दात आत, मनगट वळवून भोक, थोडं सरकवा, पुन्हा वळवा. यात एक खोड आहे. दाताची घडी नीट ९० अंशात उघडली नसेल तर जोर लावताच ती मिटते आणि अंगठ्याचं कातडं चिमटते. उघडल्यावर दात हलवून बघा.

रानवाटा

धन्यवाद. पी-५१ मागवतो. तरीही समजा तो हरवला किंवा घरी राहिला, आणि हातात फक्त ओपिनेल आहे. मग?

तिरकस

मग आधी चाकू खिशात ठेवा आणि खिळा शोधा.

थट्टा नाही. तीन इंची खिळा, तंबूची लोखंडी खुंटी, स्क्रूड्रायव्हर, यातलं काहीही ओपिनेलच्या टोकापेक्षा बरं. डबा १८१० पासून आहे आणि तो उघडायचं स्वतंत्र अवजार १८५० च्या दशकात आलं. मधली चाळीसेक वर्षं लोकांनी छिन्नी-हातोडीने डबे फोडले. 

खिळा असेल तर कडेच्या आतल्या बाजूने पाच-सहा मिमीवर एकेक भोक पाडत जा, दगडाने हलके ठोके. भोकं जवळजवळ असली की मधला पत्रा कमकुवत होतो, अर्धं वर्तुळ झालं की चमच्याचा दांडा घालून झाकण उचकटा. चमच्याचं तोंड वापरू नका, ते वाकतं.

काहीच नसेल आणि पातंच वापरायचं असेल तर ओपिनेलच्या सांध्यावरची कडी फिरवून पातं पक्कं करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या छोट्या स्विस चाकूला असं कुलूप नाही, नुसत्या स्प्रिंगवर पातं उभं असतं. त्याने भोसकायचा प्रयत्न केला तर ते मिटून तुमच्याच बोटांवर येतं. म्हणून तो यासाठी बाद.

डबा जमिनीत थोडा रुतवा किंवा चार दगडांत अडकवा. कोणालाही हाताने धरायला सांगू नका. पातं उभं, टोक कडेच्या आत, धार तुमच्यापासून लांबच्या बाजूला. एका हाताने मूठ घट्ट, दुसऱ्या तळव्याने मुठीच्या बुडावर थाप. टोक पाच-सहा मिमी आत गेलं की बस, आणखी खोल जायची गरज नाही. सरळ वर ओढून काढा. भोकात असतानाच पिळलंत तर टोक वाकतं किंवा तुटतं, ओपिनेलचं टोक फारच बारीक असतं. शेजारी पुढची चीर, मग पुढची. करवतीसारखं पुढे-मागे ओढत कापू नका, धारेवर पत्र्याने दाते पडतात आणि घरी गेल्यावर तासभर दगडावर घासत बसावं लागतं.

याहून मोठा धोका ओपिनेलच्या मुठीचा. तिला पुढे आडवा अडसर नाही. तळवा ओला असेल, आमरसाने चिकट असेल, तर थाप मारताना मूठ धरलेला हातच खाली धारेवर घसरतो. आधी हात पुसा, मुठीभोवती रुमाल गुंडाळा.

कार्बन स्टीलबद्दल: आमरस आणि अननस आंबट. पातं मिनिटांत काळपट पडतं आणि रसाला लोखंडाची चव येते. काम झालं की लगेच धुवा, पुसा. सांध्यात थेंबभर तेल. खोबरेल नको, डिसेंबरच्या रात्री गडावर ते थिजतं आणि चाकू उघडत नाही. स्वयंपाकाच्या वस्तूंना चालणारं खनिज तेल असेल तर उत्तम.

कंडेन्स्ड मिल्कला झाकण काढायचा खटाटोपच नको. समोरासमोर दोन भोकं, एक ओतायला आणि एक हवेला. एकच भोक पाडलं तर थेंबथेंब पडत राहतं, कारण आत हवा जात नाही. थंडीत घट्ट झालं असेल तर डबा न उघडता कोमट पाण्यात ठेवा. आमरसाला मात्र भोकं चालत नाहीत, रस दाट असतो. निदान अर्धं झाकण हवं.

कातळकडा

दगडावर घासायचं खरं आहे, थोतांड नाही. पण ज्या कारणाने ते चालतं ते समजून घ्या, नाहीतर अर्धा डबा कातळालाच पाजाल.

झाकण आणि डब्याचं अंग हे चिकटवलेले नसतात. दोघांच्या कडा एकात एक दुमडून दाबलेल्या असतात, म्हणून कड जाड लागते. डबा उलटा करून ती कड खडबडीत पृष्ठभागावर घासली की वरची घडी झिजते आणि झाकण सुटतं. कापायचं काहीच नाही.

दगड कोणता? पाण्याने गुळगुळीत झालेला काळा बेसॉल्ट निरुपयोगी, डबा नुसता घसरतो. बारीक भोकांचा, खरखरीत बेसॉल्ट उत्तम. कोकणात उतरलात तर जांभा घेऊ नका, तो भुसभुशीत, डब्याआधी दगडच झिजतो आणि लाल माती कडेत भरते. सिमेंटचा ओटा सगळ्यात झटपट. आणि कृपा करून हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या, टाक्यांचे काठ किंवा कुठलाही घडीव दगड यासाठी वापरू नका. सुटा धोंडा घ्या.

दोन्ही हातांनी डबा सरळ खाली दाबून गोल-गोल फिरवा. एकाच बाजूला जोर पडला तर तिथली घडी आधी सुटते आणि बाकीची तशीच राहते. दर वीसेक फेऱ्यांनी उलटून बघा. कडेवर चकाकणारी रेघ सगळीकडून सारखी दिसायला हवी. दगडावर ओलसर डाग दिसला की त्याच क्षणी थांबा आणि डबा सरळ करा. लोक इथेच आणखी दोन फेऱ्या मारतात. मग कड नीट पुसून घ्या, दोन्ही बाजूंनी डबा किंचित दाबा, झाकण उठतं. उठत नसेल तर चाकूचं टोक फटीत घालून हलकेच उचला, इथे ओपिनेल चालेल.

पत्रेवाला

कातळकडा, पद्धत बरोबर, पण शिफारस नको. घासताना दगडाची पूड आणि धातूचा कीस कडेत बसतो आणि झाकण उठवताना थोडा आत पडतोच. छोले पाण्यातून काढून धुता येतात. आमरस कसा धुणार? आमरसासाठी ही पद्धत बाद धरावी असं माझं मत. शिवाय ८५० ग्रॅमचा भरलेला डबा उलटा घासणं म्हणजे किलोभर वजन आणि मोठी कड, वेळ दुप्पट.

कातळकडा

आमरसाचं मान्य. मी मक्यासाठी वापरेन.

खटका

रिंगेचं राहिलं. रिंग तुटते ती बहुतेक वेळा लोक तिला सरळ मागे ओढतात म्हणून. आधी रिंग उभी करायची, पूर्ण ९० अंश, म्हणजे तिचं नाक झाकणावरच्या कोरलेल्या रेघेवर दाबलं जातं आणि रेघ तिथे फुटते. तो आवाज आल्याशिवाय ओढायचं नाही. नख जात नसेल तर रिंगेखाली चमच्याचा दांडा सारा.

तुटलीच तर झाकणावर जिथे रिंगेचं नाक टेकलं होतं तिथे कोरलेली रेघ कडेजवळ दिसेल. तुमच्या छोट्या स्विस चाकूच्या कानशीला पुढे सपाट स्क्रूड्रायव्हरचं टोक असतं, ते त्या रेघेवर ठेवून दाबा. ही रेघ मुद्दाम पातळ केलेली असते, थोड्या जोरात फुटते. फट पडली की चमच्याचा दांडा घालून रेघेच्या कडेने उचकटत जा. पी-५१ जवळ असेल तर त्यानेही हेच झाकण उघडतं, कारण कड तशीच असते.

उलट्या बाजूने उघडण्याआधी बूड बघा. बुडालाही उभी कड असेल तर उघडेल. काही डब्यांचं बूड आणि अंग एकाच पत्र्याचं असतं, कोपरा गोलाई घेतलेला. तिथे खाच अडकायला जागाच नाही.

पानसुपारी

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: नको. डब्याला आतून अन्न आणि धातू यांच्यामध्ये लेप असतो, तो निखाऱ्याच्या उष्णतेसाठी केलेला नाही. शिवाय तळ करपतो आणि वर थंडच राहतं. पातेल्यात ओता. बंद डबा विस्तवात ठेवणं तर सरळ धोक्याचं, आत वाफ कोंडून तो फुटतो.

निघण्यापूर्वी डबे तपासा. दोन्ही टोकं बोटाने दाबून बघा. झाकण फुगलेलं असेल किंवा दाबलं की टुक् करून परत वर येत असेल तर तो डबा घरीच टाकून द्या. अंगावरचा उथळ पोचा चालतो, कडेवरचा किंवा उभ्या जोडावरचा पोचा चालत नाही, कारण घडीत बारीकशी फट पडली तरी जंतू आत जातात. बॉट्युलिझमच्या (बिघडलेल्या डबाबंद अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा) विषाला वास-चव असेलच असं नाही. उकळल्याने ते विष नष्ट होतं हे खरं, पण म्हणून फुगलेला डबा उकळून खायचा हिशेब करू नये.

उरलेलं डब्यात ठेवू नका, स्टीलच्या डब्यात काढा आणि त्याच दिवशी संपवा. ८५० ग्रॅमचा डबा उघडला की आठ जणांनी तो बसल्या बैठकीत संपवायचा, हाच सोपा नियम.

कापलं तर: स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, थांबलं का ते मधेमधे उचलून बघू नका. बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर असेल तर मज्जातंतू किंवा स्नायूचा दोर कापलेला असू शकतो, गड उतरून थेट दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते सगळ्यांना आधीच विचारून ठेवा.

रानवाटा

एकच शेवटचं. रिकामे डबे परत आणायचे आहेत, पण धारदार कडांनी सॅक फाटेल. आणि विमानाने येणारा एक मित्र आहे, चाकू त्याच्याकडे द्यायचा विचार होता.

खटका

चाकू केबिनच्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत ठेवायला सांगा. पी-५१ सुद्धा तिथेच टाका, तपासणीच्या रांगेत त्याचा दात दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही.

पत्रेवाला

डब्यांचं: झाकणाची बिजागरी ठेवली असेल तर झाकण आत दाबा. मग डबा आडवा ठेवून तोंडाकडच्या बाजूवर बुटाने हळू दाब द्या, तोंड चपटं होऊन मिटतं आणि धार आत जाते. बूडही कापून काढलंत तर अख्खा डबा पानासारखा सपाट होतो. मग दोन्ही झाकणं त्याच्यात घालून दुमडा. धुतल्याशिवाय भरू नका, आमरसाच्या वासाला रात्रभरात मुंग्या आणि सकाळी माकडं येतात. पाणी टाक्यापासून लांब न्या आणि तिथेच धुवा, टाक्यात डबा बुडवू नका. सगळे डबे जुन्या जीन्सच्या पायात घालून दोन्ही टोकं बांधली की सॅक सुरक्षित.

तिरकस

जीन्सचा पाय उत्तम. माझी पद्धत तांदळाची गोणी होती, ती आजपासून बाद.